रविवारी म्युनिकमध्ये दूध कुठे मिळतं?

उन्हाळी सहली आटपून मंडळी घरी आली की या सदराच्या टपालाचा सूरच बदलतो. जाण्याआधी लोक व्हिसाचं विचारतात, थंडी किती असेल ते विचारतात, विमानात लोणचं नेता येतं का विचारतात. परत आल्यावर मात्र निम्मी पत्रं दुकानांबद्दलची असतात, कुणाचे पैसे गेले, कुणाला बोलणी बसली, कुणी तासभर भटकून रिकाम्या हाताने परत आलं. या महिन्यात तीच पत्रं घेतलीयत. मी बरीच वर्षं टूर मॅनेजर म्हणून लोकांना घेऊन फिरलेय, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांसमोर घडलेलं आहे, आणि माझं ठाम मत आहे की यात तुमचा वेंधळेपणा फार थोडा असतो. त्या गावात दुकानदारीची रीत काय आहे हे तुम्हाला आधी कुणी सांगितलेलंच नसतं. सहलीच्या माहितीपत्रकात आयफेल टॉवरची उंची छापलेली असते पण औषधाचं दुकान कसं ओळखायचं ते नसतं.

प्रश्न: ताई, लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने म्युनिकला राहून आले. बाकी सगळं छान झालं पण तिथल्या दुकानांनी मला अक्षरशः रडवलं. एका रविवारी सकाळी दूध संपलं म्हणून पिशवी घेऊन निघाले, चार चौक चालले, एक दुकान उघडं नाही. १५ ऑगस्टला पुन्हा तेच. बाजारात टोमॅटो हातात घेऊन बघत होते तर दुकानातली बाई सगळ्यांसमोर ओरडली, काय म्हणाली कळलं नाही पण तोंड बघून कळलं. आणि त्या मोठ्या दुकानात बिल करणारी मुलगी वस्तू इतक्या भराभर पुढे ढकलते की माझी पिशवी भरेपर्यंत मागची रांग उसासे टाकायला लागते. चाळीस वर्षं मी सातारच्या मंडईत भाजी घेतेय, पण तिथे मला दुकानात जायचीच भीती बसली. बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला परत जायचंय. — एक आजी, सातारा

उत्तर: आजी, आधी अभिनंदन, आणि भीती सोडा. चाळीस वर्षांची तुमची पारख तिथे उपयोगी पडणारच आहे, फक्त ती वापरायची पद्धत वेगळी आहे.

रविवारचं असं की जर्मनीत रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून थेट राज्यघटनेत नोंदलेला आहे, तिथे ही बाब लोक फार मनावर घेतात, दुकानात काम करणाऱ्या माणसालाही घरच्यांबरोबर एक दिवस मिळायला हवा असा त्यामागचा विचार आहे आणि मला तो पटतो. रोजच्या वेळा प्रत्येक राज्य ठरवतं आणि म्युनिक ज्या बव्हेरिया राज्यात येतं ते यात फार कडक, सोमवार ते शनिवार रात्री ८ ला दुकानं बंद म्हणजे बंद. १५ ऑगस्टला तिथे मेरीमातेचा सण असतो त्याची सुट्टी. गुड फ्रायडे, ईस्टर नंतरचा सोमवार, १ मे, ३ ऑक्टोबर, नाताळचे २५ आणि २६ डिसेंबर हे दिवसही बंद. त्यामुळे जावयांकडून सुट्ट्यांची यादी आधीच मागून घ्या आणि फ्रीजवर लावा. सुट्टी शनिवारला लागून आली तर आदल्या संध्याकाळी दुकानात झुंबड उडते, त्या दिवशी सकाळीच जाऊन यायचं.

आता दूध. रविवारी उघडं असतं ते मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान, विमानतळावरचं दुकान आणि पेट्रोल पंप. पंपावर भाव जास्त लागतो पण दूध, ब्रेड, अंडी मिळतात. बेकऱ्याही सकाळी काही तास उघडतात. आणि घरात एक-दोन पुडे 'हा-मिल्श' नावाचं दूध कायम ठेवा, ते न उघडता फ्रीजबाहेर कित्येक आठवडे टिकतं. औषधाचं मात्र नीट लक्षात घ्या, कारण घरात बाळ आहे. तापाची साधी पॅरासिटामॉलसुद्धा तिथे किराणा दुकानात मिळत नाही, शाम्पू-साबणाच्या मोठ्या दुकानातही नाही, फक्त 'अपोथेकं' म्हणजे औषधाच्या दुकानात, ज्याच्यावर लाल रंगाचं मोठं ए अक्षर असतं. रविवारी आणि रात्री यातली काही दुकानं पाळीपाळीने उघडी असतात, आणि आज पाळी कुणाची ते प्रत्येक अपोथेकंच्या दारावर लावलेलं असतं. बंद दारापर्यंत गेलात तरी तिथला कागद वाचायचा, म्हणजे फेरी वाया जात नाही.

टोमॅटोबद्दल. तिथल्या उघड्या बाजारात, म्हणजे व्हिक्टुआलिएनमार्क्टसारख्या ठिकाणी, मांडलेल्या मालाला गिऱ्हाइकाने हात लावायचा नाही, माल दुकानदारानेच द्यायचा अशी रीत आहे. बऱ्याच ठिकाणी तशी पाटीही असते पण ती जर्मनमध्ये. त्या बाईने कुणालाही तसंच सांगितलं असतं, शेजारच्या जर्मन आजींनासुद्धा. आधी 'ग्र्युस गॉट' म्हणायचं, बव्हेरियातला हा नमस्कार आहे, तो न करता मालाकडे बोट दाखवलेलं तिथे उद्धट वाटतं. मग बोटांनी आकडा दाखवायचा आणि म्हणायचं 'फ्युअर हॉयटं', म्हणजे आजच्यासाठी. दोन दिवसांनी लागणार असतील तर 'फ्युअर युबरमॉर्गन', परवासाठी. मग बघा, तीच बाई चार टोमॅटो बाजूला सारून तुम्हाला हवा तसा पिकलेला काढून देते. मी आमच्या ग्रुपमधल्या एका काकूंना हे शिकवलं होतं, त्यांना परवासाठी आवाकाडो हवा होता, दुकानदाराने तो कागदात गुंडाळून दिला आणि खिडकीत ठेवू नका असं हातवारे करून सांगितलं. सुपरमार्केटमध्ये मात्र हात लावता येतो, तिथे भाजी आपणच निवडायची. काही दुकानांत ती आपणच काट्यावर ठेवून नंबरचं बटण दाबून चिकटपट्टी काढायची असते, काहींत बिलाच्या वेळी वजन होतं. भाजीपाशी काटा दिसला की समजायचं वजन आपण करायचंय, नाहीतर बिलाच्या रांगेतून परत यावं लागतं आणि तिथेच लोकांना सगळ्यात जास्त लाज वाटते.

आणि ती भराभर वस्तू ढकलणारी मुलगी. आजी, तिथे काउंटरवर पिशवी भरायचीच नसते. ट्रॉली पट्ट्याच्या शेवटी उभी करायची, आलेली प्रत्येक वस्तू तशीच ट्रॉलीत टाकायची, पैसे द्यायचे आणि पुढे खिडकीखाली किंवा भिंतीला एक लांब फळी असते तिथे जाऊन निवांत पिशवी लावायची, जड खाली, अंडी वर. पट्ट्यावर आपल्या सामानामागे तिथली आडवी दांडी ठेवायची म्हणजे मागच्याचं सामान आपल्या बिलात येत नाही. ट्रॉली सोडवायला १ युरोचं किंवा ५० सेंटचं नाणं लागतं, ते पर्समध्ये वेगळं ठेवा, परत लावली की नाणं परत मिळतं. आणि पिशवी घरूनच न्या.

तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या फेकू नका. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे आणि कोल्ड्रिंकच्या कॅनमागे २५ सेंट अनामत बिलातच धरलेली असते, दुकानातल्या मशीनमध्ये रिकामी बाटली घातली की चिठ्ठी येते, ती बिलाच्या वेळी द्यायची. तीन महिन्यांत हे पैसे चांगले जमतात. आणि 'क्वार्क' नावाचा पांढरा डबा मिळतो तो जवळजवळ आपला चक्काच. त्यातला ४० टक्के लिहिलेला घ्या, 'मागर' लिहिलेला बिनसायीचा असतो, रात्रभर फडक्यात टांगा आणि साखर, वेलची, केशर घालून वाढदिवसाला श्रीखंड करा. कोथिंबीर, कणीक, डाळी यासाठी मुख्य स्टेशनच्या दक्षिणेला ग्योटं-श्ट्रासं आणि लांडवेअर-श्ट्रासं या भागात तुर्की, अफगाणी, भारतीय दुकानं आहेत. तिथे कोथिंबिरीची चांगली मोठी जुडी मिळते, सुपरमार्केटमधल्या चार काड्यांच्या पाकिटावर पैसे घालवू नका.

प्रश्न: लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून पॅरिसमध्ये बायकोसाठी ६४० युरोची पर्स घेतली. दुकानात टॅक्स रिफंडचा फॉर्म करून दिला, साधारण ७७ युरो परत मिळतील म्हणाले. पुढे आमची बस स्वित्झर्लंडला गेली आणि परतीचं विमान झुरिकहून होतं. झुरिक विमानतळावर फॉर्म दाखवला तर तिथल्या माणसाने हात हलवले, आम्ही शिक्का देत नाही म्हणाला. तासभर इकडून तिकडे फिरलो, विमान सुटायची वेळ आली. आमचं काय चुकलं आणि आता पैसे मिळतील का? — एक वाचक, ठाणे

उत्तर: दादा, झुरिकच्या माणसाने तुम्हाला फसवलं नाही, पण पॅरिसच्या दुकानात तुम्हाला एक प्रश्न विचारायला हवा होता तो कुणी विचारला नाही: तुम्ही युरोपियन युनियनमधून बाहेर कुठून पडणार?

हा परतावा कशाचा असतो ते बघा. फ्रान्समध्ये बहुतेक वस्तूंवर २० टक्के व्हॅट असतो आणि तो छापील किमतीतच धरलेला असतो, तुमच्या ६४० मध्ये तो १०६ युरोच्या थोडा वर होतो. वस्तू युनियनच्या बाहेर वापरली जाणार म्हणून हा कर परत मिळतो, पण वस्तू खरंच बाहेर गेली हे युनियनच्याच कस्टम्सने तपासून मान्य करायला लागतं. मधली रिफंड कंपनी आणि दुकान आपला वाटा कापतात म्हणून हातात किमतीच्या साधारण १२ टक्क्यांच्या आसपास येतात, तुमचे ७७ ते असे. स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाहीच. तुमची बस ज्या क्षणी फ्रान्समधून स्वित्झर्लंडमध्ये शिरली त्या क्षणी पर्स युनियनच्या बाहेर गेली, शिक्का तिथे, सीमेवरच्या फ्रेंच कस्टम्सच्या ऑफिसात घ्यायचा होता. झुरिकच्या कस्टम्सला फ्रान्सच्या कराशी काही देणंघेणं नाही.

आता मिळतील का, तर दुकानाला फॉर्म, बिल आणि भारतात परतल्याचा पासपोर्टवरचा शिक्का यांचे फोटो जोडून एकदा ईमेल जरूर करा, पण त्यावर आशा ठेवून बसू नका. आणि दुकानात क्रेडिट कार्डाच्या हमीवर रोख परतावा आधीच घेतला असेल तर मात्र कार्डाचं स्टेटमेंट बघा, शिक्क्याशिवाय ती रक्कम कंपनी परत कापून घेते, कधी वर दंडही लावते.

पॅरिस–स्वित्झर्लंड हा आपल्याकडच्या टूरचा सगळ्यात लाडका रस्ता आहे, दर मोसमात हजारो मराठी कुटुंबं तसाच प्रवास करतात, म्हणून हे मी जरा जीव तोडून सांगतेय. बस सीमेवर थांबवायची असेल तर टूर मॅनेजरला आदल्या दिवशी सांगा, ४५ माणसांची बस आयत्या वेळी थांबत नाही, आणि ऑफिस त्या वेळी उघडं असेल असा रस्ता-वेळ बघायला लागते. त्याहून सोपं म्हणजे मोठी खरेदी शेवटच्या देशात ठेवायची, जिथून विमान आहे तिथे. पॅरिसहूनच घरी येत असाल तर काम बरंच सोपं आहे: एका दुकानातली खरेदी १०० युरोच्या वर हवी (लागोपाठच्या तीन दिवसांतली त्याच दुकानातली बिलं एकत्र धरता येतात), वय १६ च्या वर, दुकानात पासपोर्ट दाखवायचा, आणि शार्ल द गॉल विमानतळावर 'पाब्लो' नावाचं मशीन असतं त्याच्यासमोर फॉर्मचा बारकोड धरायचा. हे सगळं बॅग विमान कंपनीकडे देण्याआधी करायचं, कारण अधिकाऱ्याने वस्तू दाखवा म्हटलं तर ती हाताशी हवी. विमान दुबई किंवा दोहामार्गे असलं तरी युनियनमधलं शेवटचं ठिकाण पॅरिसच. सकाळी तिथे लांब रांग असते, नेहमीपेक्षा तासभर लवकर पोचा.

स्वित्झर्लंडमध्ये घेतलेल्या वस्तूंचं त्यांचं वेगळं खातं आहे, तिथे कर ८.१ टक्केच आहे आणि एका दुकानात किमान ३०० फ्रँकची खरेदी लागते.

पर्स वहिनींना आवडली ना? मग ७७ युरोंसाठी २५ वर्षांच्या आठवणीवर डाग पडू देऊ नका.

प्रश्न: प्रागला हनिमूनला गेलो होतो. जुन्या चौकाजवळ पैसे बदलण्याच्या दुकानावर ० टक्के कमिशन अशी मोठी पाटी होती म्हणून २०० युरो दिले, हातात ३२०० कोरुना आले. हॉटेलवर येऊन फोनवर रेट बघितला तर जवळजवळ ५००० यायला हवे होते. खूप भांडण झालं आमचं. नंतर घाबरून सगळीकडे कार्ड वापरलं, तर मशीन दरवेळी विचारायचं रुपयात की कोरुनात, आम्ही रुपये निवडायचो, निदान आकडा कळतो म्हणून. ते बरोबर केलं ना? — पुण्याहून दोघं

उत्तर: कार्डाचं बरोबर केलं नाहीत, पण ते नंतर.

० टक्के कमिशन ही पाटी खोटी नसते म्हणूनच ती इतकी वाईट आहे. कमिशन खरंच घेत नाहीत, रेटच पडेल लावतात, आणि पाटीवर मोठ्या अक्षरात जो चांगला रेट दिसतो तो बहुतेक वेळा फार मोठ्या रकमेचा तरी असतो नाहीतर ते ज्या भावाने कोरुना विकत घेतात तो असतो. म्हणून पाटी वाचायचीच नाही. खिडकीपाशी नोटा बाहेर काढायच्या आधी एवढंच विचारायचं की २०० युरोचे एकूण किती कोरुना देणार, आकडा कागदावर लिहून घ्यायचा, फोनवर ताडून बघायचा आणि पटला तरच नोट पुढे करायची. युरोला साधारण २४-२५ कोरुना येतात हे डोक्यात असलं की १६ ऐकल्यावर पाय आपोआप मागे वळतात.

आणि हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल पण पुढच्या जोडप्यासाठी लिहिते. चेक प्रजासत्ताकात १ एप्रिल २०१९ पासून कायदाच आहे की १००० युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो, पावती घेऊन त्याच दुकानात परत जायचं आणि पैसे मागायचे, त्यांना द्यावे लागतात. प्रवाशांची इतकी लूट व्हायला लागली की सरकारला हा कायदा करावा लागला. तुम्हाला हॉटेलवर कळलं तेव्हा बहुधा वेळ हातात होता. म्हणून पावती खिशात ठेवायची, आणि रस्त्यात उभा राहून चांगला रेट देतो म्हणणाऱ्याकडे तर बघायचंही नाही, तो दुसऱ्याच देशाच्या बाद झालेल्या नोटा हातात टेकवतो आणि त्याच्याकडे कसली पावती नसते.

आता कार्ड. मशीन रुपये की कोरुना विचारतं तेव्हा कायम त्या देशाचं चलन निवडायचं. प्रागला कोरुना, पॅरिसला युरो, बँकॉकला बाट. रुपये निवडले की हिशोब तुमची बँक करत नाही, त्या मशीनमागची कंपनी करते आणि स्वतःच्या रेटने करते. समोर रुपयांचा आकडा दिसतो म्हणून मन निश्चिंत होतं, आणि त्या निश्चिंतीचीच किंमत वसूल होते. एटीएममध्येही हाच प्रश्न येतो, तिथे तर तो असा मांडलेला असतो की नाही म्हटलं तर पैसेच मिळणार नाहीत असं वाटावं, पण मिळतात, बिनधास्त रुपये नाकारा. वेटरने किंवा दुकानदाराने परस्पर बटण दाबलं तर पावतीवर सही करायच्या आधी रद्द करायला सांगा. आपली बँकही परदेशी व्यवहारावर काही टक्के लावते, बऱ्याच कार्डांना ३.५ टक्क्यांपर्यंत आणि त्यावर जीएसटी, म्हणून निघण्याआधी कार्डावर किती आहे ते विचारून घ्या. आणि कार्डाचं आंतरराष्ट्रीय बटण ॲपमधून चालू केलंय ना ते मुंबई सोडायच्या आधी बघा, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवं कार्ड परदेशासाठी बंदच येतं, आणि ते परक्या दुकानात, मागे रांग असताना कळणं फार त्रासाचं.

भांडणाबद्दल मी काही बोलत नाही, पण चूक दोघांपैकी एकाचीही नव्हती.

प्रश्न: ताई, हे नाव न छापता घ्या. मैत्रिणींबरोबर बँकॉकला गेले होते. एका सकाळी मी एकटीच राजवाडा बघायला निघाले तर गेटपासून थोड्या अंतरावर एका व्यवस्थित कपड्यातल्या माणसाने सांगितलं आज दुपारपर्यंत बंद आहे, पूजा आहे. मग फार स्वस्तात टुकटुक करून दिली, दोन देवळं दाखवली, आणि शेवटी एका रत्नांच्या दुकानात नेलं. सरकारी योजनेचा शेवटचा दिवस म्हणाले. मी ३८ हजार बाटची नीलमची अंगठी आणि सुटे खडे घेतले, कार्डाने. इथे सराफाला दाखवले तर तो काहीच बोलला नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. तीन आठवडे झालेत. घरी सांगितलेलं नाही. — एक बहीण, कोल्हापूर

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिलं सांगायचं ते हे की तुम्ही मूर्खासारखं वागला नाहीत. हा सापळा बँकॉकमध्ये कित्येक दशकं लावला जातोय आणि त्यात जगभरची शिकलीसवरलेली माणसं अडकलीयत, कारण त्यात कुणीही तुम्हाला काही विकत घ्या असं म्हणतच नाही. पहिला माणूस फक्त मदत करतो. टुकटुकवाला वीस-तीस बाटमध्ये अर्धा दिवस फिरवतो, तो भला वाटतो. देवळात कुणीतरी भेटतो, दुसराच प्रवासी किंवा सुट्टीवर आलेला सरकारी नोकर, तो आपणहून सांगतो की मी दरवर्षी इथून खडे नेतो, आमच्याकडे दुप्पट भावाने जातात. तुम्हाला भेटला होता ना असा कुणी? ही सगळी एकाच साखळीतली माणसं असतात, प्रत्येकाला वाटा मिळतो, आणि दुकानात पोचेपर्यंत तीन अनोळखी माणसांनी एकच गोष्ट सांगितलेली असते, मग आपण ती खरी धरतो. यात विश्वास ठेवणारा माणूस दोषी नाही, दोषी आहे तो विश्वास विकणारा.

आता करायचं काय, आणि हे याच आठवड्यात करा. पहिलं, बँकेला लेखी कळवा की या व्यवहाराबद्दल वाद आहे, वस्तू सांगितल्याप्रमाणे नाही, आणि तक्रार क्रमांक घ्या. अशा तक्रारीला मुदत असते, रोज एक दिवस कमी होतोय. दुसरं, खड्यांची रीतसर तपासणी करून लेखी प्रमाणपत्र घ्या, सराफाच्या नजरेचा बँकेला उपयोग नाही. मुंबईत जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची प्रयोगशाळा आहे. खडा खरा निघाला तरी गोष्ट संपत नाही, पुष्कळदा खडा खराच असतो पण अगदी हलक्या प्रतीचा, आणि भाव कितीतरी पट लावलेला. म्हणून किमतीचा अंदाज वेगळा लेखी घ्या. तिसरं, थायलंडच्या टुरिस्ट पोलिसांकडे तक्रार नोंदवा, तिथे असताना त्यांचा नंबर ११५५, तो सगळ्यांनी बँकॉकला उतरल्या उतरल्या फोनमध्ये घालून ठेवावा. दुकानाचं बिल, कार्डाची पावती, दुकानाचं कार्ड, यातलं काहीही टाकू नका, बॅगेच्या कप्प्यात परत एकदा शोधा.

आणि घरी सांगा. या कागदपत्रांच्या मागे लागायला तुम्हाला कुणाची तरी सोबत लागेल, आणि हे ओझं एकटीने वाहण्याएवढे ते ३८ हजार बाट मोठे नाहीत.

जे अजून जाणार आहेत त्यांच्यासाठी: बँकॉकचा मोठा राजवाडा साधारणपणे रोज सकाळी ८:३० ला उघडतो आणि दुपारी ३:३० पर्यंत तिकीट मिळतं, खरंच बंद असेल तर ते गेटवरच्या गणवेशातल्या माणसाकडूनच ऐकायचं. गेटपर्यंत चालत जायचं, मध्ये कुणी काही म्हणो. थायलंडमध्ये खरेदी करूच नका असं मी म्हणत नाही, मला बँकॉकची खरेदी मनापासून आवडते. शनिवार-रविवारी चाटुचाक बाजारात घासाघीस करायला मजा येते, प्रातूनामच्या प्लॅटिनम मॉलमध्ये कपड्यांच्या गाळ्यांवर एकाचा भाव वेगळा आणि तीन घेतले तर वेगळा असतो, मैत्रिणींनी मिळून घ्यायचं. तिथे बरेच गाळेवाले कपडा घालून बघू देत नाहीत म्हणून टेप घेऊन जा, आणि फ्री साइज लिहिलेलं आपल्याकडच्या बायकांना हमखास छातीत आणि दंडात घट्ट होतं, आधी मापून घ्या.

प्रश्न: टूरमध्ये आम्हाला ल्युसर्नला एकाच दुकानात नेऊन बस तिथेच उभी करतात आणि बाकी शहर बघायला पंधरा मिनिटं देतात. असं का? — एक वाचक, नाशिक

उत्तर: कारण बऱ्याच ठिकाणी अशा दुकानांकडून टूरला किंवा गाइडला कमिशन मिळतं, हे मी त्या धंद्यात राहून सांगतेय आणि मला ते कधीच आवडलं नाही. घड्याळ घ्यायचंच असेल तर मोठ्या दुकानात बिल, वॉरंटी नीट मिळते, ते वाईट नाही. पण घरच्यांना वाटायला चॉकलेटं घ्यायला तिथे थांबू नका, मिग्रो किंवा कूप या तिथल्या रोजच्या किराणा दुकानांत जा, स्विस माणूस स्वतःच्या घरी नेतो तेच चॉकलेट तिथे पुष्कळ कमी भावात मिळतं. आणि उरलेला वेळ त्या जुन्या लाकडी पुलावरून चालायला ठेवा. बुकिंग करतानाच विचारा की शहरात मोकळा वेळ किती, आणि उत्तर लेखी घ्या.

प्रश्न: मी पाच दिवस दुबईला जातोय. आत्याने चार तोळ्यांच्या बांगड्या आणायला सांगितल्यात, म्हणते बायकांना ४० ग्रॅम माफ असतं. खरं का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: ४० ग्रॅमची दागिन्यांची सवलत आहे, पण ती परदेशात एक वर्षाच्या वर राहून परत येणाऱ्या बाईला. पुरुषाला २० ग्रॅम, तीही वर्षभर राहिला असेल तर. पाच दिवस जाऊन येणाऱ्याला ही सवलत लागू नाही, चार तोळ्यांच्या बांगड्या घेऊन आलास तर विमानतळावर कस्टम्सच्या रेड चॅनलला जाऊन जाहीर करायच्या आणि ड्युटी भरायची, ती धरून रत्नागिरीच्या सराफापेक्षा किती वाचतात ते आधी वहीत मांडून बघ. न सांगता आणल्यास आणि पकडला गेलास तर बांगड्या जप्त होतात आणि वर दंड, आणि सही तुझी असते, आत्याची नाही. आत्याला आजच फोन कर, तिकीट काढायच्या आधी.